सणसर परिसरातील आरोग्यखात्याचे वैद्येतर सेवक : पदनामांच्या आधारे एक ऐतिहासिक टिपण

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील सणसर हे गाव बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या मार्गावर, नीरा डाव्या कालव्याच्या भिजणाऱ्या टापूत वसलेले आहे. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाच्या दृष्टीने या गावाचे स्थान काहीसे विशेष मानावे लागते. कारण महाराष्ट्रातील ग्रामीण आरोग्यव्यवस्थेला ज्या तीन गोष्टींनी वारंवार कामाला लावले, त्या तिन्ही येथे एकत्र आलेल्या आहेत. पहिली कालवा, त्याच्या पाण्याबरोबर बागाईत आली आणि हिवतापही आला. दुसरी आषाढी वारी. देहूहून पंढरपुरास जाणाऱ्या श्रीतुकाराममहाराजांच्या पालखीचा एक मुक्काम सणसर येथे असतो, आणि त्या एका रात्रीपुरती गावातील माणसांची संख्या कित्येक पटींनी वाढते. तिसरी साखर कारखाना. शेजारच्या भवानीनगर येथील श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात व हंगाम सरताच उठून जातात.

अशा ठिकाणी आरोग्य राखणे हे एकट्या वैद्याचे काम असू शकत नाही. विहिरीत औषध टाकणारा, घरोघर फिरून तापाची चौकशी करणारा, मृत्यूची नोंद करणारा, भिंतींवर फवारा मारणारा, दवाखान्याची मोरी धुणारा, रात्री-अपरात्री गाडी हाकणारा अशा अनेक हातांवर ते उभे असते. ज्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतलेले नाही, ज्यांच्याकडे रोगनिदानही नाही आणि चिकित्साही नाही, परंतु ज्यांच्यावाचून ही दोन्ही कामे चालत नाहीत, अशा या मंडळींस प्रस्तुत टिपणात 'वैद्येतर सेवक' असे म्हटले आहे. त्यांच्याविषयीची साधने तुटपुंजी आहेत. खात्याच्या अहवालांत अधिकारी बहुधा नावाने येतात, सेवक संख्येने येतात. तथापि एक साधन मात्र शिल्लक राहते, व ते म्हणजे त्यांची पदनामे. कोणत्या कामाला केव्हा नाव मिळाले, ते कोणत्या भाषेतून आले, आणि कोणते काम दीर्घकाळ बिननावाचेच राहिले, हे पाहिले असता त्या कामाची खात्याने काय किंमत केली हे बऱ्याच अंशी कळून येते.

आरोग्यखाते अस्तित्वात येण्यापूर्वीही गावात आरोग्याची म्हणता येतील अशी कामे होतच होती. मात्र ती वतनाची कामे होती. मेलेली जनावरे ओढून नेणे, वेस राखणे, परगावी निरोप पोहोचविणे, सरकारी अंमलदार आल्यास त्याच्यापुढे चालणे ही महारवतनाची कर्तव्ये होती. साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडण्याचा विधी गावोगाव होत असे, व त्यातही अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांवरच मुख्य भार असे. रोगाला शिवेबाहेर घालविण्याचे काम ज्यांच्याकडे, ते स्वतःच वेशीबाहेर राहत, ही गोष्ट समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंदण्यासारखी आहे.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याचे आरोग्यखाते उभे राहिले, तेव्हा त्याने आपली पहिली इमारत या जुन्या पायावरच रचली. इलाख्यातील गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद पाटलाकडे सोपविण्यात आली. पाटील वैद्य नव्हता. मृत्यूचे कारण म्हणून तो जे लिहील किंवा कुळकर्ण्याकडून लिहवून घेईल ते पटकी, देवी आणि ताप अशा मोजक्या रकान्यांत बसत असे. 'ताप' या एका शब्दात हिवताप, विषमज्वर, बाळंतज्वर हे सारे सामावून जात. म्हणूनच १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई इलाख्यात जे लक्षावधी लोक दगावले, त्यांतील कितीएक जण नोंदवह्यांत केवळ 'तापाने' मेलेले आहेत. या नोंदीपर्यंत बातमी आणून पोहोचविण्याचे काम मात्र वतनदार सेवकाचे. इलाख्याच्या आरोग्य आयुक्ताचे कोष्टक कितीही सुबक असले, तरी त्याचा पहिला आकडा वाड्यावस्त्या तुडविणाऱ्या अशा एखाद्या निरक्षर माणसाच्या निरोपातून निघालेला असे, हे विसरून चालणार नाही. १८८९ साली मुंबई इलाख्यासाठी ग्रामस्वच्छतेचा स्वतंत्र कायदा झाला. परंतु तेवढ्याने झाडणाऱ्या हाताचे स्वरूप बदलले नाही. आणि ज्या दवाखान्यांचे आकडे या निरोपांवर उभे होते, ते सार्वजनिक दवाखाने, विहिरी व धर्मशाळा यांचा वापर अस्पृश्यांस मोकळा असावा यासाठी सीताराम केशव बोले यांना १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणावा लागला. ठरावाच्या यादीत पाणवठ्यांबरोबर दवाखान्यांचेही नाव आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

वतनाच्या चौकटीबाहेर, रोख पगारावर नेमलेला या क्षेत्रातील पहिला वैद्येतर सेवक म्हणजे देवीची लस टोचणारा होय. एडवर्ड जेन्नरच्या लसीचा हिंदुस्थानातील पहिला यशस्वी प्रयोग १४ जून १८०२ रोजी मुंबईस ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर झाला. पुढे १८२७ पासून मुंबई इलाख्याचे विभाग पाडून, प्रत्येक विभागावर एक अधीक्षक आणि त्याच्या हाताखाली गावोगाव फिरणारे टोचणारे अशी पद्धत बसविण्यात आली. १८७७ साली मुंबई शहरापुरता आणि १८९२ साली जिल्ह्यांसाठी लसीचा कायदा झाला. टोचणाऱ्याचे काम हाताने करावयाचे होते खरे, पण ते वैद्यकीत गणले जात नसे; त्याला वैद्यकशाळेची पदवी लागत नव्हती. अक्षरओळख, पायी हिंडण्याची तयारी, नोंदवही ठेवण्याची शिस्त आणि आयाबायांची समजूत घालण्याची हातोटी हेच त्याचे भांडवल.

या माणसाला लोकांनी जे नाव दिले ते मोठे मनोरंजक आहे. मराठीत रोग 'येतो', 'होतो' किंवा 'जडतो'. देवी मात्र 'येतात' आणि 'निघतात'. लस टोचण्याच्या क्रियेला लोकांनी 'देवी काढणे' असे म्हटले. 'निघणे' या अकर्मक क्रियेचे 'काढणे' हे प्रयोजक रूप वापरल्याने, जे देवी आपल्या इच्छेने करीत असे ते आता माणूस तिच्याकडून करवून घेऊ लागला, असा अर्थ त्यात आपोआप आला. आणि हे करणारा तो 'देवी डॉक्टर'. सरकारदरबारी ज्याचा हुद्दा अगदी खालच्या पायरीवरचा, त्याला गावाने डॉक्टर केले. कारण कित्येक खेड्यांनी त्याच्याखेरीज दुसरा कोणी डॉक्टर पाहिलेलाच नव्हता. गायीच्या वासरापासून काढलेली लस सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस घेऊन ती दुसऱ्याच्या दंडावर टोचीत. त्यामुळे टोचलेल्या मुलास बरोबर घेऊन पुढचे गाव गाठावे लागे, आणि आपले मूल असे परगावी धाडण्यास आईबाप नाखूश असत. अशा वेळी पाटील, शिपाई आणि टोचणारा या तिघांत मिळून जी मनधरणी चाले, तिची नोंद कोणत्याही कोष्टकात नाही. कोष्टकात केवळ टोचलेल्या मुलांची संख्या आहे.

१८९६-९७ च्या प्लेगाने या सेवकवर्गात तात्पुरत्या माणसांची मोठी भर घातली. घरे धुऊन काढणारे, सामान उन्हात टाकणारे, नाक्यावर प्रवाशांची नोंद घेणारे असे पुष्कळ लोक साथीपुरते नेमले गेले आणि साथ ओसरताच घरी गेले. साथीबरोबर येणारा व साथीबरोबर जाणारा हा 'हंगामी' सेवक पुढे हिवतापाच्या कामात कायमचाच हंगामी होऊन बसला. त्याची हकीकत सणसरच्या टापूत विशेष महत्त्वाची आहे.

१८७६-७७ च्या दुष्काळात ज्या कामांची निकड पटली, त्यांपैकी नीरा डावा कालवा हे एक होय. १८८५ साली तो वाहू लागला. भाटघरच्या धरणाचे पाणी वीर येथील बंधाऱ्यावरून त्यात सोडण्यात आले. कोरड्या मुलुखात बारमाही पाणी आले, ऊस आला, गुऱ्हाळे आली. १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला. परंतु पाटाच्या पाझराने साचणारी डबकी, पाणथळ झालेल्या जमिनी व निचऱ्याचा अभाव यांमुळे दख्खनच्या कालव्यांखालील प्रदेशात हिवताप ठाण मांडून बसला. पाटबंधारे खात्याकडे पाण्याचा हिशेब होता, आरोग्यखात्याकडे तापाचा. हे दोन हिशेब एकत्र मांडण्यास बराच काळ जावा लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी. उपलब्ध झाले, आणि मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली त्याचा वापर ग्रामीण भागांत मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यात आला. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य असे की, त्याचे यश जवळजवळ सर्वस्वी वैद्येतर माणसांवर अवलंबून होते. फवारणीची टोळी गावात येई. एक जण बादलीत उभा केलेला पंप हाणीत असे, दुसरा नळी घेऊन भिंती, आढी, गोठे न्हाऊन काढी. त्यांच्यामागे टोळीचा प्रमुख भुकटीचे माप आणि घरांची यादी सांभाळी. लोक त्यांना सरसकट 'डी.डी.टी.वाले' म्हणत. सारवलेल्या भिंतींवर पांढरे डाग पडतात, देवघर बाटते, ढेकूण मरण्याऐवजी वाढतात अशा तक्रारींना तोंड द्यावयाचे ते यांनीच.

निर्मूलनाच्या टप्प्यात दर 10,000 लोकवस्तीमागे एक, या प्रमाणात सर्वेक्षण कर्मचारी नेमण्यात आले. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जावयाचे, कोणास ताप येऊन गेला काय हे विचारावयाचे, येऊन गेला असल्यास बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा ठिपका घ्यावयाचा, गोळ्या द्यावयाच्या आणि घराच्या भिंतीवर छापलेल्या चौकटीत भेटीची तारीख घालावयाची, हा त्यांचा क्रम. भिंतीवरील ही चौकट म्हणजे सेवकाच्या कामावर ठेवलेला पहारा होता. वरिष्ठ केव्हाही येऊन ती तपासू शकत असे. पण तिचा दुसराही एक उपयोग झाला. अभ्यासकाच्या दृष्टीने ती या वर्गाची स्वतःच्या हातची, दिनांकासह ठेवलेली बखर होय. घरे रंगविली गेली तशी ती पुसली गेली.

१९६० नंतरच्या काही वर्षांत हिवताप इतका मागे हटला की तो संपलाच असे वाटू लागले. १९७६ साली मात्र देशातील रुग्णसंख्या सुमारे 64 लाखांवर जाऊन पोहोचली. या मधल्या काळात कर्तारसिंग समितीने १९७३ साली दिलेल्या अहवालान्वये देवी टोचणारे, हिवताप सर्वेक्षण करणारे व कुटुंबनियोजनाचे काम करणारे असे निरनिराळे सेवक एकत्र करून 'बहुउद्देशीय आरोग्य सेवक' हे नवे पद बनविण्याची दिशा ठरली. १९७५ मध्ये देशातील देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला. 'देवी डॉक्टर' हे पद त्याबरोबर इतिहासजमा झाले. आपल्या कामाच्या यशामुळे ज्याची नोकरीच लयाला गेली असे हे विरळा उदाहरण. तथापि नव्या पदात सामावून गेल्याने त्या सेवकांची भाकरी गेली नाही. फवारणीवाल्यांच्या वाट्याला इतके सुदैव आले नाही. त्यांचे काम पावसाळ्याच्या आगेमागे काही महिन्यांचेच असल्यामुळे ते हंगामीच राहिले. मात्र महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या नोकरभरतीत पुरुष आरोग्य सेवकांच्या निम्म्या जागा अशा हंगामी फवारणी कर्मचाऱ्यांसाठी ठेवण्याची, आणि त्यासाठी 90 दिवसांच्या कामाचा अनुभव धरण्याची पद्धत पडली. 90 दिवसांचा तो दाखला हा कित्येक ग्रामीण तरुणांना सरकारी चाकरीत शिरण्याचा एकमेव दरवाजा ठरला, हे आरोग्यखात्याच्या इतिहासात ठळकपणे लिहावयास हवे.

आता प्रत्यक्ष दवाखान्याकडे वळावयाचे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली जो अहवाल दिला, त्यात 40,000 लोकवस्तीसाठी एका प्राथमिक आरोग्य केंद्राची योजना होती. त्या केंद्रासाठी दोन डॉक्टर, एक परिचारिका, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुइणी, चार शिक्षित दाया, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य सहाय्यक, एक औषध बनविणारा आणि चतुर्थ श्रेणीचे इतर पंधरा सेवक असा संच सुचविलेला होता. बेरीज 35 होते. म्हणजे केंद्रातील दर सात माणसांमागे तीन या शेवटच्या गटातील. बाकीच्या वीस जणांची आठ वेगवेगळी पदनामे आहेत. या पंधरांना मिळून एकच शब्द आहे, 'इतर'. पाणी भरणारा, झाडणारा, राखणदार, स्वयंपाकी, माळी असे कोण त्यांत अभिप्रेत होते हे त्या यादीवरून कळत नाही. तरीही समितीचा अंदाज उदारच म्हटला पाहिजे. कारण पुढे केंद्र शासनाच्या मानकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जो संच रूढ केला, त्यात सर्व मिळूनच पंधरा माणसे आहेत, आणि त्यांपैकी चतुर्थ श्रेणीची केवळ चार. समितीने ज्यांना 'इतर' म्हणून बाजूला ठेवले होते, तेवढ्याच संख्येत पुढे डॉक्टरांसह अख्खे केंद्र बसविण्यात आले. झाडण्याची जागा, भरावयाचे पाणी आणि जागावयाच्या रात्री मात्र त्या प्रमाणात कमी झाल्या नाहीत.

१ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. सणसर येथील प्राथमिक आरोग्य केंद्र याच व्यवस्थेतील. त्याच सुमारास वतनांचा निकाल लागत होता. कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. महारवतन व तत्सम वतने १९५८ च्या कायद्याने गेली. १९६९ च्या केंद्रीय कायद्यानंतर जन्ममृत्यूची नोंदही नव्या घडीवर बसली व गावोगाव ती ग्रामसेवकाकडे आली. १९५८ च्या कायद्याच्या मराठी नावात या वतनांना 'कनिष्ठ' असे विशेषण आहे. इंग्रजीत 'हलक्या दर्जाचा' या अर्थाचा जो शब्द वतनांना लावलेला होता, तोच इंग्रजी अमलात सरकारी नोकरीच्या खालच्या वर्गालाही लावीत असत. एकाच विशेषणाने वतनदार आणि पगारी सेवक जोडले गेले होते. पुढे त्या वर्गाला 'वर्ग चार' आणि नंतर 'गट ड' अशी निर्विकार नावे मिळाली. अंकाला वा अक्षराला जात नसते, हा त्यातील लाभ; त्यातून कामही कळत नाही, ही हानी. 'कनिष्ठ' हा शब्द मात्र कारकुनी पदांकडे सरकला आणि 'कनिष्ठ लिपिक', 'कनिष्ठ सहाय्यक' यांत त्याचा अर्थ 'हलका' असा न राहता 'सेवेत नवा' असा झाला.

दवाखान्यातील जुन्या पदनामांची वंशावळ पाहिली तर ती निरनिराळ्या राजवटींचा थरावर थर दाखविते. 'कारकून' फारसी, 'मुकादम' अरबी, 'शिपाई' फारसी. तो मूळचा लढणारा, मुंबई इलाख्यात पट्टा बांधून 'पट्टेवाला' झाला. 'आया' पोर्तुगीज. पाणी वाहणारा 'भिस्ती' म्हणजे शब्दशः स्वर्गातला. मैला उचलणाऱ्यास 'मेहतर' म्हणत, व त्याचा फारसीतील अर्थ 'अधिक थोर' असा आहे. मुंबईत याच कामाच्या माणसास 'हलालखोर', म्हणजे धर्म्य अन्न खाणारा, असे नाव होते आणि महानगरपालिकेच्या एका करालाही ते चिकटले. काम जितके हीन मानलेले तितके नाव गोड, असा हा प्रकार. त्यामागे कोणी सौजन्य पाहील, कोणी उपरोध. परंतु गोड नावाने त्या माणसाचे ताट वेगळेच राहिले, एवढे निश्चित. इंग्रजी थरातील 'वॉर्डबॉय' हा शब्द तर याच्या नेमका उलट. पन्नाशीच्या, नातवंडे असलेल्या गृहस्थासही तो 'पोर' ठरवितो.

१९६० साली महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय स्थापन केले व पदनामांच्या मराठीकरणाचे काम हाती घेतले. या कामावर कृत्रिमतेचा आक्षेप पुष्कळांनी घेतला, व काही शब्दांपुरता तो खराही आहे. पण खालच्या पदांच्या बाबतीत या नव्या संस्कृत शब्दांनी एक गोष्ट साधली, ती म्हणजे जातीचा आणि मालकाच्या भाषेचा वास त्यांनी घालविला. 'परिचर' हा शब्द घ्या. आयुर्वेदात चिकित्सेचे चार पाय मानलेले आहेत: वैद्य, औषध, रोगी आणि परिचारक. चरकसंहितेत परिचराचे चार गुण सांगितले आहेत: सेवेचे ज्ञान, कामातील चलाखी, रोग्याविषयी जिव्हाळा आणि शुचिता. म्हणजे परिचर हा चिकित्सेच्या आतला, वैद्याच्या बरोबरीने मोजलेला घटक. आजचा परिचर कागद नेतो, कपाट उघडतो, रांग लावतो, प्रसंगी जखम धुण्यासही हात देतो. पण नियमांच्या भाषेत तो चिकित्सेच्या बाहेरचा आहे. शब्द जुना व मोठा मिळाला, आशय लहान राहिला. बोलण्यात तर सणसरलाच नव्हे, सर्वत्रच, 'शिपाई' हाच शब्द चालतो.

पालखीच्या मुक्कामात या सर्व पदांची परीक्षा होते. पटकी हा वारीचा जुना वैरी. पंढरपूरची यात्रा आणि पटकीची साथ यांचा संबंध एकोणिसाव्या शतकातच सरकारच्या ध्यानात आला होता. विसाव्या शतकाच्या मध्यास वारकऱ्यांना लस टोचून घेतल्याचा दाखला विचारला जाई. टोचणीला भिऊन आडवाटेने जाणारेही पुष्कळ असत. दाखला पाहणारा डॉक्टर नसे. नाक्यावरील कारकून वा शिपाईच तो पाहत असे, आणि पांडुरंगाच्या वाटेत आडवा येणारा म्हणून शिव्याशाप त्याच्याच वाट्याला येत. पुढे भर टोचण्यावरून पाण्यावर आला. पालखी काटेवाडीहून निघून सणसरला पोहोचण्यापूर्वी वाटेवरील विहिरी, विंधणविहिरी व टँकर भरण्याची ठिकाणे तपासावी लागतात, त्यांत विरंजक चूर्ण, म्हणजे लोकभाषेतील 'टी.सी.एल.', मापाने मिसळावे लागते आणि पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही हे थेंब टाकून पिवळ्या रंगावरून पाहावे लागते. एरवी वर्षभर हे काम ग्रामपंचायतीच्या 'जलसुरक्षका'चे. हे पदनाम नवे असून चांगले आहे. कारण त्यात माणसाच्या दर्जाचा नव्हे, कामाचा निर्देश आहे. गावाच्या पाण्याची स्थिती हिरव्या, पिवळ्या व लाल कार्डांनी दाखविण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे, आणि लाल कार्ड आले तर पहिला जाब त्यालाच विचारतात. पालखी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघून गेली म्हणजे वर्तमानपत्रांचे छायाचित्रकारही तिच्यामागे जातात. मुक्कामाच्या जागेवरील घाण, उष्टी व साचलेले पाणी काढणारे सफाई कामगार मागे राहतात, व पुढचे दोन-तीन दिवस गावाचे आरोग्य त्यांच्या हातात असते.

या सर्व सेवकांत ज्यांच्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले, त्या उपकेंद्रातील 'अंशकालीन स्त्री परिचर' होत. उपकेंद्र झाडणे, पाणी भरणे, उपकरणे उकळण्यास ठेवणे, आरोग्य सेविकेबरोबर वाड्यावस्त्यांवर जाणे, प्रसूतीच्या वेळी हाताशी असणे ही त्यांची कामे. कालव्याकाठच्या विखुरलेल्या वस्त्यांत किंवा कोप्यांवर परक्या गावची तरुण सेविका एकटी जाऊ शकत नसे. गावची, ओळखीची, वयाने पोक्त अशी ही बाई बरोबर असे म्हणून दारे उघडत. त्यांच्या पदनामातील 'अंशकालीन' हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. काळाचा अंश कोणता हे त्यात सांगितलेले नाही, आणि बाळंतपण तर घड्याळ पाहून येत नाही. या एका विशेषणाने त्या वेतनश्रेणीच्या, रजेच्या व निवृत्तिवेतनाच्या बाहेर राहिल्या. त्यांना मिळते ते 'वेतन' नव्हे, 'मानधन' होय. संस्कृतात 'मानधन' हे विशेषण आहे. मान हेच ज्याचे धन तो मानधन. शासकीय मराठीत मानासाठी दिलेले धन असा त्याचा अर्थ झाला, आणि तो शब्द मूळचा पाहुण्या व्याख्यात्यास द्यावयाच्या रकमेसाठी योग्यच होता. रोज झाडू मारणाऱ्या बाईच्या मजुरीला तोच शब्द लावल्यावर रक्कम तुटपुंजी ठेवण्यास एक सन्माननीय आधार मिळाला. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातील आशा कार्यकर्त्यांनाही पुढे हाच शब्द वारशाने मिळाला. त्या संख्येने मोठ्या व संघटित असल्यामुळे त्यांनी मोर्चे काढून व संप करून त्यातील रक्कम वेळोवेळी वाढवून घेतली. शब्द मात्र बदलला नाही.

केंद्र शासनाने सहाव्या वेतन आयोगानंतर आपल्या सेवेतील 'गट ड' मिटवून त्यातील माणसे वरच्या गटात घेतली, आणि त्यांना 'मल्टी टास्किंग स्टाफ' असे नाव दिले. महाराष्ट्रात 'गट ड' राहिला, पण त्यातील पुष्कळ कामे कंत्राटदारामार्फत करून घेण्याकडे कल वाढत गेला. कंत्राटी माणसाला पदनाम असते, पण ते खात्याच्या आस्थापनेवर नसते; ते कंत्राटदाराच्या हजेरीपत्रकावर असते. २६ जानेवारी २०१४ पासून चालू झालेल्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवरील चालकांची गोष्ट अशीच आहे. एकेकाळी केंद्राच्या जीपगाडीचा चालक हा गावात डॉक्टरखालोखाल ओळखीचा माणूस असे. आता गाडीचा क्रमांक सर्वांस पाठ असतो, चालकाचे नाव ठाऊक नसते.

कोरोनाच्या साथीत, २६ मार्च २०२० रोजी, केंद्र शासनाने आरोग्य सेवकांसाठी 50 लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर केले. त्या घोषणेतील पदांचा क्रम लक्षणीय आहे. प्रथम सफाई कर्मचारी, नंतर वॉर्डबॉय, मग परिचारिका, आशा, तंत्रज्ञ, आणि शेवटी डॉक्टर व विशेषज्ञ. भोर समितीच्या यादीत जे तळाशी व बिननावाचे होते, ते येथे नावानिशी सर्वांच्या वर आले. अंशकालीन स्त्री परिचर हे नाव मात्र या यादीत नाही. त्यांचा समावेश यादीच्या अखेरीस असलेल्या 'इतर आरोग्य कर्मचारी' या शब्दांत धरावयाचा आहे.